धुरासाठी राखीव

सोनईजवळच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा एक आरोग्य पर्यवेक्षक होते. शर्टाची कडक इस्त्री मोडू नये म्हणून ते खुर्चीला पाठ टेकत नसत. कुणी "जेवलात का?" विचारलं, तरी "कार्यवाही चालू आहे" म्हणायचे.

ऊसतोड झाली की शेतकरी पाचट पेटवत आणि गावभर धूर कोंदे. म्हाताऱ्यांना, पोरांना दम लागे. म्हणून एका वर्षी वरून आदेश आला आणि साहेबांनी दवाखान्यातच धुराबाबत बैठक बोलावली. गावातला मास्तर म्हणून मीही गेलो. कोपऱ्यात प्राणवायूचं नवं सिलेंडर होतं. साहेबांनी त्याला हार घातला होता.

भाषण रंगात आलं आणि शेजारच्या शिवारात पाचट पेटलं. खोलीत धूर शिरला. साहेबांनी खिडक्या लावायला सांगितल्या आणि पुढचा मुद्दा घेतला. तेवढ्यात ऊसतोडीवरची एक बाई लेकीला कडेवर घेऊन दारात आली.

"सायेब, पोरीला लई दम लागलाय वो!"

नर्सबाई सिलेंडरकडे धावल्या, तर साहेब आडवे आले. "सिस्टर, ते धुराच्या आपत्तीसाठी राखीव आहे!"

"मग हा काय उदबत्तीचा धूर आहे?" असं म्हणत नर्सबाईंनी त्यांना बाजूला सारलं, हार ओढून काढला आणि पोरीच्या तोंडाला मास्क लावला.

हळूहळू पोरीची धाप कमी झाली. आई तिथंच खाली बसून रडू लागली. साहेब मात्र आमच्याकडे वळून हसले.

"बघितलंत? आपली योजना यशस्वी झाली. टाळ्या वाजवा."

खोकत खोकत दोघा-तिघांनी वाजवल्याही.