तिन्हीसांजेचं नख

वरच्या मजल्यावरच्या काकू कधी बेल वाजवत नसत. नखाने दारावर दोनदा टकटक करायच्या आणि बाहेरूनच म्हणायच्या, "मीच आहे गो, घाबरू नको." बेलशी असं वाकडं असलेलं कोणी तुमच्याही इमारतीत असेल. काकूंचं कारण होतं चिंगी. ओंजळीत मावेल एवढी पांढरी गिनी पिग, बेल वाजली की पिंजऱ्यात धडपडायची. काकूंना वाटे, सगळ्यांच्याच घरात कोणीतरी दचकत असणार.

चिंगी त्यांच्या लेकीची. लेक ध्यानीमनी नसताना तापाने गेली. आमच्या मुलुंडच्या इमारतीत सगळ्यांना वाटलं, काकू आता हा प्राणी कोणाला तरी देऊन टाकतील. त्या मात्र तिच्यासाठी रोज कोथिंबीर निवडायला लागल्या. लेक ऑफिसातून यायच्या वेळेला चिंगी दाराकडे तोंड करून एकच लांब शीळ घालायची. काकू म्हणायच्या, "आली बघ." मी दाराकडे बघायचं टाळायचे.

एका संध्याकाळी टकटक झाली ती घाईची. टॉवेलच्या धाग्यात अडकून चिंगीचं नख तुटलं होतं. मी वर धावले. काकूंनी सवयीने हळद चेपली होती. चिंगी पुढून पिवळीधमक, आणि रक्त चालूच. मी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, लोंबणारं टोक तेवढं कापा, स्वच्छ कापडाने दाबून धरा, वर कॉर्नफ्लॉवर लावा. तरी थांबलं नाही तर घेऊन या.

नेलकटर हातात घेऊन काकू थिजल्या. "तिन्हीसांजेला नख नाय कापत गो."

"काकू, रक्त जातंय तिचं."

"माझ्या पोरीने कापली होती. ह्याच वेळेला, ह्याच खुर्चीत. मी काय बोलले नाय. दुसऱ्या दिवशी ताप भरला."

मग उठल्या आणि घरातले सगळे दिवे लावून आल्या. लेकीच्या बंद खोलीतलासुद्धा. "आता दिवस आहे," म्हणाल्या. मी चिंगीला धरलं, त्यांनी टोक कापलं. कापड दाबून धरताना त्या खोलीकडे बघत हळूच म्हणाल्या, "हिला नको नेऊ हां बाय. ही माझ्याकडे राहू दे."

मी चिंगीला आणखी घट्ट धरलं. थोड्या वेळाने रक्त थांबलं. पुढे नख बरं होईपर्यंत काकू पिंजऱ्यात रोज धुतलेला सुती कपडा अंथरत होत्या. त्या खोलीतला दिवा मात्र त्यांनी पुन्हा कधी मालवला नाही.

गेल्या वर्षी काकूही गेल्या. चिंगी माझ्याकडे आली. तिची नखं मी सकाळीच कापते, दारावरची बेल काढून टाकली आहे. काकूंची फार आठवण येते, आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी भीतीही वाटते. चिंगी अजून त्याच वेळेला दाराकडे तोंड करून बसते. एक शीळ घालते, जरा थांबते. मग आणखी एक घालते.