नानांच्या मोटारीला प्लग

मोटार आपली आणि प्लग दुसऱ्याचा, असं झालं की किस्से आपोआप साठतात. आमच्या पनवेलच्या चाळीत इतके साठले, की चार जुने शेजारी भेटले की अजून पुरतात!

सन पन्नास-साठच्या दरम्यान नाना लेले वकिलांनी जुनी मोटार घेतली. तिची बॅटरी दर दोन दिवसांनी मान टाकायची. नानांकडे चार्जर होता, पण अख्ख्या चाळीत विजेचा प्लग एकच, तोही मालक धर्माशेठच्या ओसरीवर. शेठ मिठागरवाले. माणूस दिलदार, पण विजेला भारी भ्यायचे.

"वकीलसायेब, भाड्यात दिवा हाय, मोटार नाय!"

\*

नानांनी रीतसर अर्ज दिला. टाइप करून, दोन प्रतींत. शेठनी तो शांतपणे वाचला.

"टायपिंग झ्याक हाय. प्लग नाय."

\*

मग नाना बॅटरी दुपट्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन टांग्यानं गॅरेजात न्यायचे. मला त्यांची फार दया यायची. एकदा टांग्यात शेजारी बसलेल्या आजी कौतुकानं म्हणाल्या, "किती शांत हो बाळ!"

"शांत कसलं आजी, जीवच नाही त्यात!"

आजींनी टांग्यातच गळा काढला.

\*

शेठ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन नानांकडे आले. लेलेकाकूंनी गडबडीत बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर पेल्यात ओतून दिलं.

शेठ घोट घेऊन म्हणाले, "वयनी, पान्याला चवच नाय. मीठ इसरलात?"

जाता जाता म्हणाले, "नवरदेवाला आनायला तुमची मोटार पायजे."

नानांनी आशेनं विचारलं, "आणि प्लग?"

"मोटार पायजे. प्लग नाय!"

\*

लग्नाच्या दिवशी नाना नवरदेवाला घेऊन एस.टी. स्टँडवरून निघाले. तळ्यापाशी मोटार बंद पडली. वऱ्हाडी ढकलायला लागले, मागून बँडवाले. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा बाशिंग सावरत नवरदेवही उतरला. तो ढकलत होता आणि स्टिअरिंगवरून नाना त्याला पहिल्यापासूनची सगळी हकीगत सांगत होते.

चाळीपुढच्या मांडवाच्या दारात पोचल्यावर नवरदेव पुन्हा मोटारीत जाऊन बसला आणि रिवाजाप्रमाणे रुसला. शेठ तयारीतच होते. त्यांनी मनगटी घड्याळ पुढे केलं.

नवरदेवानं मान हलवली.

"सायकल देतो!"

पुन्हा मान हलली. आतून भटजी मुहूर्त टळतोय म्हणून ओरडायला लागले. शेठना दरदरून घाम फुटला.

"आवो जावयबापू, मंग पायजे तरी काय तुमाला?"

नवरदेवानं ओलंचिंब बाशिंग वर केलं आणि ओसरीकडे बोट दाखवलं.

"आमाला काय नको. वकीलसायबांना प्लग द्या!"

शेठनी एकदा जावयाकडे पाहिलं, एकदा नानांकडे पाहिलं आणि मांडवाकडे तोंड करून ओरडले, "आरं, चार्जर आना रं कुनीतरी!"