हलव्यातले अडतीस इंच

माझी कंबर तेव्हा अडतीस इंच होती. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या तमाम मराठी बायकांना हे तोंडपाठ होतं. मी फक्त ते लेखी दिलं, एवढाच माझा गुन्हा!

नुकतंच घरोघरी केबल आलं होतं. खांद्यावरून पट्टा घेतलेल्या सुंदऱ्या टीव्हीवर चालायच्या, त्यांची मापं कौतुकानं सांगितली जायची, आणि ती ऐकून घरातले सगळे बघायचे माझ्याकडे! (मी आपली चकली खात बसलेली.) आई उसासा टाकायची, "बघ, हीसुद्धा मुलगीच आहे!" मी चित्रकलेच्या कॉलेजात होते, त्यामुळे मला राग आला की त्याची कलाकृती व्हायची.

अशात संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. आईनं फर्मान काढलं, "नामपल्लीहून तुला सांगून आलेल्या त्या मुलाची आई येणार आहे. काळी साडी नेस, काळ्यात माणूस बारीक दिसतं. आणि तिळगुळाचा ट्रे पोटासमोर धरून फिर."

"ट्रे खाली ठेवल्यावर काय करू?"

"ठेवूच नकोस!"

झालं! माझं डोकं सणकलं. हलव्याचे दागिने नव्या नवरीला घालतात, तान्ह्या बाळाला घालतात. मी म्हटलं, मला का नको? खांद्यावरून कमरेपर्यंत येणारा रुंद काळा पट्टा घेतला आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्यात आकडे काढले. वर चाळीस, मध्ये अडतीस, खाली बेचाळीस! अडतिसापाशी डिंक संपला. गुळाचा पाक पातेल्यात उरलेला होताच. चिकटायचंच आहे ना, मग तोही चिकटतो! बेचाळीस पाकात चिकटवून पट्टा खिडकीत वाळत टाकला. स्वतःच्या अकलेवर मी बेहद्द खूश होते.

दुपारी हॉल भरला. मी पट्टा घालून, ट्रे चांगला बाजूला धरून आत शिरले. सगळ्यांच्या नजरा आकड्यांवर! आई दातओठ खात कुजबुजली, "काढ ते आधी!"

"नक्को!" (हैदराबादेत वाढलेल्या माणसाला ठाम नकार शुद्ध मराठीत देताच येत नाही.)

मुलाची आई खुर्चीत ताठ बसली होती. चष्मा सावरून तिनं मला वरून खालपर्यंत वाचलं. "हे काय गं?"

"माझी मापं. सगळ्यांनाच काळजी असते, म्हटलं एकदाच सांगून टाकू."

मी भाषण पाठ केलं होतं. "बाईचं शरीर म्हणजे काही..." एवढं म्हणाले आणि कमरेला काहीतरी कडकडून चावलं. मग पाठीला. मग थेट बेचाळिसाच्या मुलखात! मी उड्या मारायला लागले. ही पण कलाच असेल, असं वाटून एकीनं टाळ्यासुद्धा वाजवल्या! शेवटी वरच्या मजल्यावरच्या तेलुगू काकू किंचाळल्या, "अय्यो! चीमलु! चीमलु!" पाकातून निघालेली लाल मुंग्यांची रांग निऱ्यांत शिरत होती.

आईनं मला ओढत आतल्या खोलीत नेलं आणि साडी फेडली. मागोमाग मुलाची आईच आली, दार लोटलं आणि साडी झटकायला लागली. म्हणजे जिच्यापासून लपवायचं, तिच्याच समोर मी परकरात उभी! मी पोट आत घेतलं नाही. घेणारच नव्हते!

तिनं माझ्याकडे बघितलं, मग पाठ फिरवून पदर बाजूला केला. पोटाभोवती इलॅस्टिकचा रुंद पट्टा करकचून आवळलेला! "मागचे हूक सोड गं. आमच्या ह्यांना पोट दिसलेलं चालत नाही. सकाळपासून श्वास कोंडलाय."

मी हूक सोडले. बाईंनी असा लांबलचक श्वास सोडला, की मला भडभडून आलं.

"आमच्या घरात येऊ नकोस, पोरी," त्या म्हणाल्या. "तुलाही हाच बांधतील."

मी आईचा गाऊन चढवला, त्यावर झटकलेला पट्टा घातला आणि बाहेर जाऊन सगळ्यांना तिळगूळ वाटला. आईनं टोकायला तोंड उघडलं, बाईंच्या हातातला तो इलॅस्टिकचा पट्टा बघितला आणि तिळगुळासाठी हात पुढे केला.

स्थळ अर्थातच फिसकटलं. पण माझी सगळी मापं बघून, एक इंचही कमी करायला न सांगता, त्या दिवशी मला सहकुटुंब पसंत केलं ते फक्त मुंग्यांनी!