शमीमआपाला खाली बसायचं होतं

शमीमआपाचं वजन शेवटपर्यंत फारसं उतरलं नाही.

आधीच सांगून टाकते, नंतर कॉमेंटमध्ये विचारू नका.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

आमची ओळख मेहरूण तलावाच्या ट्रॅकवरची. वजनावरून दोघींनाही आपापल्या डॉक्टरांनी दम भरलेला. मी कोऱ्या करकरीत बुटांत, ती बुरख्यात आणि साध्या चपलांत. अर्ध्या फेरीतच दोघी एकाच बाकावर धापा टाकत बसलो. मैत्री व्हायला तेवढं पुरलं.

मला पुतण्याच्या लग्नात बारीक दिसायचं होतं. तिला विचारलं, "आपा, तुझं काय?"

"मला खाली बसायचंय. गुडघ्यांपायी खुर्चीवर बसून नमाज पढते मी. डोकं जमिनीला टेकत नाही. मन भरत नाही व माय."

बस. एवढंच हवं होतं तिला.

फिजिओवाल्या मॅडमनी तिला एक व्यायाम दिला होता. हात न टेकता बाकावरून उठायचं, सावकाश बसायचं, पुन्हा उठायचं. कॉलेजची पोरं बघून हसायची.

आपा तिथूनच ओरडायची, "हसता काय रे? उद्या तुमच्या आईलाही घेऊन या!"

मी टाळाटाळ केली की माझ्यावर घसरायची. "काय करू राहिली तू? मोबाइल ठेव. ऊठ!"

डाएटचं म्हणाल तर थंडीत भरीत-पुरीचं बोलावणं आलं की आम्ही दोघी डॉक्टरांना साफ विसरायचो. मग वजनकाट्यावर उभं राहून मी रडकुंडीला यायचे. ती काट्याकडे बघायचीसुद्धा नाही.

रमजानच्या थोडं आधी एका सकाळी ती लांबूनच हात हलवत आली. चक्क भराभर.

"झालं! आज खाली बसून पढले. उठले पण! कोनाचाच हात नाही धरला!"

आणि तिथेच रडायला लागली. तिला बघून मीही.

मागच्या वर्षी हार्ट अटॅकने गेली. एका दुपारी, अचानक.

घरी भेटायला गेले तर एक बाई म्हणाली, "रोज एवढं चालून काय उपयोग झाला?"

माझं डोकंच फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत आपाची सून रुबीना बोलली.

"त्या दिवशी पहाटेची नमाजही अम्मींनी जमिनीवरच पढली. उठताना मी हात पुढे केला, तर माझ्यावर रागावल्या."

मी रुबीनाला मिठी मारली.

आपा, मी अजून जाते गं तलावावर. आता दम लागत नाही. पण बडबड करायला कोणी नसलं की फेरी संपता संपत नाही.

मागून कोणाच्या चपलांचा आवाज आला, की मी अजूनही हळू होते.

वाटतं, तू येतेयस.

सलाम, आपा. फार आठवण येते.