सांगून घ्यायचा वजीर

बल्लारपूर स्टेशनावर उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं आणि हवेत कागद कारखान्याचा तो कुबट, शिजवलेल्या लाकडासारखा वास होता. फलाटावर डबे घेऊन कामावर निघालेली माणसं होती. त्यांच्या गर्दीतून माझी चाकाची पिशवी ओढत मी बाहेर आले आणि पहिलं काम म्हणून चहा घेतला. चहावाल्यानं विचारलं, "बाई, इकडे कोनाकडे?" मी म्हटलं, "कुणाकडे नाही. बुद्धिबळ खेळायला आलेय." त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि कपात थोडा जास्तीचा चहा ओतला.

निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणी तीर्थयात्रांना निघाल्या, मी बुद्धिबळाच्या खुल्या स्पर्धांना निघाले. खुल्या म्हणजे वयाची अट नसलेल्या. साठी उलटलेल्या माझ्यासमोर कधी बँकेतले साहेब बसतात, तर कधी दुधाचे दात पडलेली पोरं, आणि बहुतेकदा ती पोरंच मला लोळवतात. हरणं मला बिलकूल मानवत नाही. तरी पुढची स्पर्धा कळली की मी साताऱ्याहून पिशवी भरून निघते. घरचे याला नाद म्हणतात, आणि त्यांचं खरं आहे.

या वेळची स्पर्धा चंद्रपूरला, रविवारी होती. पण मी दोन दिवस आधीच आले होते, ते वर्षामुळे. वर्षा मूळची चिमूरची. गडचिरोलीच्या पलीकडे धानोऱ्याच्या वाटेवर एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मागच्या वर्षी एका स्पर्धेत तिनं मला हरवलं आणि मग जेवायला शेजारी बसून माझी समजूतही काढली, तेव्हापासूनची ओळख. "मॅडम, तुमी आधी आमच्या शाळेत या जी," ती फोनवर म्हणाली होती. "पोरं कसे खेळतात ते पाहा, मंग रविवारी सोबतच जाऊ."

बल्लारपूरहून चंद्रपूर गाठलं आणि तिथून गडचिरोलीची एसटी पकडली. मूल मागे पडलं आणि थोड्याच वेळात, दोन्ही बाजूंना जंगल असताना, टायर पंक्चर झालं. सगळे खाली उतरले. मी पाय मोकळे करायला झाडांच्या दिशेनं निघाले, तशी कंडक्टरनं हाक मारली, "बाई, तिकडे नोका जाऊ. इथी वाघ फिरते." मी इतक्या लगबगीनं परत आले की लोक हसले. मग बोलता बोलता माझं येण्याचं कारण निघालं, तर तो म्हणाला, "रविवारच्या का? आमच्या पोरीनंबी नाव देलं. चुलीवर वरण जळते, पन ते काई पटावरून उठत नाई." हे बोलताना त्याचा चेहरा असा फुलला होता की वरण जळाल्याची तक्रार खरी वाटेना.

वैनगंगेचा पूल ओलांडला, गडचिरोलीला गाडी बदलली. पुढे साग दाट होत गेला. धान कापून झालेल्या बांध्या (भाताची खाचरं) मधूनमधून उघड्या पडत. तिसऱ्या प्रहरी उतरले तेव्हा वर्षा फाट्यावर स्कूटी घेऊन उभी होती.

शाळेच्या ओसरीवर एकच पट मांडलेला आणि त्याभोवती अख्खी शाळा. दोघं खेळत होते, बाकीचे वाकून पाहत होते. कडेला दोन-तीन बापेही होते, आणि एक बाई सूप मांडीवर ठेवून बसली होती. वर्षानं दोन वर्षांपूर्वी हा पट आणला. आधी मुलं शिकली, मुलांनी घरच्यांना शिकवलं. "आता संध्याकाळी पट मोकळा मिळत नाई मॅडम, नंबर लागतात," ती म्हणाली.

मला नंबर न लावता बसवलं. समोर आली आठवीतली प्रेमिला, दोन वेण्या, शांत डोळे. चार-पाच चाली झाल्या असतील, ती म्हणाली, "आजी, उंट सांभाळा." मला वाटलं पोर मला खिजवतेय. मी उंट हलवला. थोड्या वेळानं पुन्हा, "आजी, घोडा." आता मात्र माझं डोकं तापलं. "अगं, मला दिसतंय," मी म्हटलं. खरं तर दिसलं नव्हतं.

वर्षा हसू लागली. "तुमाले चिडवत नाई ते. इथी न सांगता कोनी कोनाचं मोहरं घेत नाई."

हा नियम गावानंच केला होता. प्रेमिलाचे वडील दलसूभाऊ कडेला उकिडवे बसले होते, त्यांनी समजावून सांगितलं. मोहाच्या दिवसांत कोणत्या झाडाची फुलं कोणत्या घरानं वेचायची ते ठरलेलं असतं. दुसऱ्याच्या झाडाखालचं वेचायचं तर आधी सांगावं लागतं. "सांगून घेतलं तं घेतलं, न सांगता घेतलं तं चोरी. खेळातबी तसंच," ते म्हणाले.

"पण बुद्धिबळात असं नसतं," मी शहाणपणानं म्हटलं.

"राजाले तं सांगते ना शह म्हनून?" प्रेमिलानं विचारलं. "मंग प्याद्यानं काय केलं?"

पुढचा डाव मीही सांगून सांगून खेळले. कुणाचंच काही मरेना, डाव संपेना, आणि शेवटी अंधारून आलं म्हणून पट उचलला. इतकी मजा मला बुद्धिबळात कित्येक वर्षांत आली नव्हती.

रात्रीचं जेवण प्रेमिलाच्या घरी झालं. गरम भात, वरण आणि लाखोळीची भाजी (धान निघाल्यावर त्याच ओल्या बांधीत येणाऱ्या लाखोळीची कोवळी पानं). मी दुसऱ्यांदा भात मागितला, तेव्हा प्रेमिलाच्या आईचा सगळा संकोच गेला. प्रेमिला माझ्या ताटाजवळ बसून नागपूरबद्दल विचारत होती. चंद्रपूरच्या स्पर्धेत पहिल्या येणाऱ्या तीन शाळकरी मुलींना उन्हाळ्यात नागपूरला महिनाभर शिबिरात घेणार होते, राहणं, जेवण, शिकवणं, सगळं. "तिथी रोज शिकवनारे सर राह्यतात म्हनते. खरं हाये का आजी?" मी म्हटलं, खरं आहे. दलसूभाऊ म्हणाले, "जाईल तं जाऊ दे. इथी तिले हरवनारं कोनी नाई उरलं." लेकीचं कौतुक त्यांनी एवढ्या एका वाक्यात उरकलं.

रविवारी सकाळी चंद्रपूरच्या एका शाळेच्या सभागृहात पाऊल टाकलं आणि माझे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू? मी लहान असताना साताऱ्यात आम्ही दोन मुली खेळायचो, त्यातली एक मी. इथे टेबलांच्या रांगाच्या रांगा होत्या. गडचांदूरच्या सिमेंट कॉलनीतली इस्त्रीच्या टी-शर्टातली मुलं, रात्रपाळी उरकून थेट आलेले बल्लारपूरचे कामगार, लेकराला शिकवता शिकवता स्वतःच गोडी लागलेल्या आया. एका चिमुरड्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून त्याच्या पायाखाली कुणीतरी दप्तर सरकवलं होतं. आमच्या एसटीचे कंडक्टरही खिडकीबाहेरून लेकीला खुणा करत होते, आणि ती त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती.

पंच होते एक तरुण शिक्षक. मुलांशी गोड बोलत, पण नियमाला पक्के. पहिल्याच फेरीत गडबड झाली. प्रेमिला समोरच्या मुलाला म्हणाली, "उंट सांभाळ." त्या मुलानं हात वर केला. पंच आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं सांगितलं, "डाव चालू असताना प्रतिस्पर्ध्याशी बोलायचं नाही. बेटा, पहिली चूक म्हणून सोडतो. पुन्हा बोललीस तर डाव गेला समज. हे सगळ्यांनाच लागू."

वर्षानं तिला बाहेर नेऊन पाणी पाजलं. ती परत आली ती ओढणीचं टोक दातांत धरून. दिवसभर ती तशीच खेळली आणि एकामागून एक डाव जिंकत गेली. एका फेरीनंतर मी तिच्या पाठीवर थाप मारली तर म्हणाली, "त्या पोरीचा हत्ती घेतला, आजी. तिले मालूमच नवतं." जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर शोधावा लागत होता.

माझंही नशीब त्या दिवशी जोरावर होतं. त्याचा परिणाम असा की शेवटच्या फेरीची यादी लागली तेव्हा तिच्या नावासमोर माझं नाव होतं. प्रेमिलाला हा डाव जिंकायलाच हवा होता. जिंकली तर नागपूर, नाहीतर नाही. वर्षानं मला कसली गळ घातली नाही, हे बरं झालं. मुलांसमोर मुद्दाम हरणारी मोठी माणसं मला आवडत नाहीत. मुलांना ते कळतं आणि त्यांचं जिंकणं नासतं. मी ठरवलं, मन लावून खेळायचं. मनातून मात्र, तिनं मला चांगलं धुऊन काढावं, अशी प्रार्थना करत होते.

डाव रंगला. तिची ओढणी दातांत होती. मी माझ्या हत्तीच्या बेतात गुंग होते. तिनं घोडा पुढे टाकून घड्याळाचं बटण दाबलं, तिकडे माझं लक्षच नव्हतं. माझा हात हत्तीकडे निघाला. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओढणी सुटली.

"आजी, वजीर."

मी पाहिलं. तिच्या घोड्याच्या माऱ्यात माझा वजीर आयता उभा होता. हत्ती हलवला असता तर वजीर गेला असता, आणि डावही.

पंच शेजारच्याच टेबलापाशी होते. ते वळले. "कोण बोललं?"

"मी," मी म्हटलं. "स्वतःशी पुटपुटायची सवय आहे मला. वय झालं आता." इतकं सफाईदार खोटं मी जन्मात बोलले नव्हते.

"नाई सर." प्रेमिला उभी राहिली होती. "आजी नाई बोलल्या. मी बोलली. वजीर सांगतला त्याईले."

पंचांनी कपाळावर हात फिरवला. "बेटा, सकाळी काय सांगितलं होतं?"

"बोलली तं डाव गेला."

"मग?"

"गेला," ती म्हणाली.

मी भांडले. नुकसान कुणाचं झालं असेल तर तिचं स्वतःचं, मला तर तिनं वाचवलं, असं मी त्यांना सांगितलं, आणि आवाज चढल्यावर आजूबाजूच्या मुलांनी माझ्याकडे पाहिलं. पंच हळूच म्हणाले, "मॅडम, मला कळतंय. पण सकाळी सगळ्यांसमोर नियम मी सांगितला. आता हिला सोडलं तर बाकीच्या पोरांना काय तोंड दाखवू?" त्यांचं म्हणणं खोडता येईना, म्हणून मला आणखीच राग आला. डाव माझ्या नावावर लागला. शिबिराची तिसरी जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. मला ज्येष्ठांचं बक्षीस मिळालं. ते मी न उघडताच पिशवीच्या तळाशी टाकलं.

बसस्थानकावर वर्षा तिकिटांचं पाहायला गेली आणि बाकावर आम्ही दोघीच उरलो. मी राहून राहून धुमसत होते. शेवटी बोललेच, "सगळे डाव गप्प बसलीस ना? मग शेवटच्यालाच काय झालं गं तुला? नागपूर गेलं ना हातचं!"

ती ओढणीच्या भिजलेल्या टोकाची घडी घालत होती. "ते बाकीचे दुसरे होते जी," ती म्हणाली. "तुमी आमच्या घरी जेवल्या ना. घरी जेवलेल्या मानसाचं न सांगता कसं घेऊ?"

मी तिला जवळ ओढलं. तेव्हा ती रडली. नागपूरसाठी रडली, अगदी लहान मुलासारखी, हुंदके देत. मीही रडले. समोर भजी तळणाऱ्या माणसानं कागदात चार भजी बांधून आणून दिली. गाडी लागली तेव्हा ती डोळे पुसून चढली आणि खिडकीतून म्हणाली, "आजी, पुढच्या साली येजा. मी नाई बोलनार आता." मला म्हणायचं होतं की असं नको गं, पण गाडी निघाली. आणि गाडी थांबली असती तरी दुसरं काय सांगायचं, ते मला कुठे ठाऊक होतं?

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. ती पोर जिंकावी, नागपूरला जावी, पुढे आणखी कुठे कुठे जावी, असं मला मनापासून वाटत होतं. आणि तिनं सांगायचं सोडू नये, असंही तितकंच वाटत होतं. दोन्ही एकदम कसं व्हायचं? मी एवढ्या स्पर्धा हिंडले, पण माझं भलं पाहून स्वतःचा डाव घालवणारं माणूस मला पटापलीकडे कधी भेटलं नव्हतं. भेटलं तेही आठवीतलं, आणि त्याची हार माझ्याच नावावर जीत म्हणून लागली.

साताऱ्याला आल्यावर वर्षाशी बोलणं होत राहिलं. परवा तिचा फोन आला. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत प्रेमिला खेळून आली होती.

"मॅडम, गप राहाचं शिकली ते," वर्षा म्हणाली. "एक शब्द नाई बोलली. पन आता नवीनच सुरू झालं. समोरच्याचं मोहरं घ्याच्या आधी थांबते. तिचंच घड्याळ पळून राह्यते, अन् हे त्याच्या तोंडाकडे पाहत बसते. मंग हळूच उचलते. नियमात बसते का जी हे?"

"बसतं," मी म्हटलं. "वेळ तिचाच जातो."

"पन अशानं वेळ संपून हरन ना ते?"

"हरेल कधी कधी," मी म्हटलं. "तरी थांबू दे तिला."