फितूर ठरलेल्या नलिनीवहिनी

नलिनीवहिनी आगाशे चंडीगढला आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या चिपळूणच्या. त्यांचे यजमान श्रीपाद टेलिफोन खात्यात होते, बदलीवर इकडे आलेले. वहिनी जवळच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायच्या. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. मुलगी वंदना त्यांच्या मराठीला हिंदीत उत्तरं द्यायची आणि त्या तिला तेच वाक्य मराठीत पुन्हा म्हणायला लावायच्या.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, त्या तीळ आणायला मार्केटात गेल्या. ओमप्रकाश सूद यांचं किराण्याचं दुकान आम्हा सगळ्यांचं ठरलेलं. संध्याकाळचं धुकं उतरलं होतं. सूदजी तीळ तोलत असताना एक माणूस आत आला. लोई, म्हणजे लोकरी शाल, नाकापर्यंत गुंडाळलेली, डोक्याला पगडी. त्याने सूदजींना नावाने विचारलं, ते 'हां जी' म्हणाले, आणि त्याने गोळ्या झाडल्या. जाण्याआधी त्याने वहिनींकडे पाहिलं. ट्यूबलाइट सरळ त्याच्या तोंडावर होती. बाहेर चालू ठेवलेल्या स्कूटरवर मागे बसून तो गेला.

सूदजी मार्केटच्या संघटनेत होते आणि अतिरेक्यांनी पुकारलेल्या बंदच्या दिवशी त्यांनी दुकान उघडं ठेवलं होतं, म्हणून मारलं असं लोक म्हणायचे. खरं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या काळात कारण शोधायचंही लोकांनी सोडून दिलं होतं.

पोलिसांना वहिनींनी जे पाहिलं ते सांगितलं: चेहरा झाकलेला होता, फक्त डोळे दिसले, आणि ते घारे होते. "बिल्ली जैसी आँखें," असं त्यांनी दोनदा सांगितलं. मला म्हणाल्या, "अगं, आमच्या आत्याचे तसे आहेत. क्षणभर वाटलं, हे डोळे इथे कसे?"

काही महिन्यांनी पोलिसांनी एकाला पकडलं. त्याचा फोटो पेपरात आला, काळपट, धुरकट. फोटो आधीच छापून आला असं कारण देऊन त्याने तुरुंगातल्या ओळख परेडला नकार दिला. म्हणजे तो माणूस वहिनींना थेट कोर्टातच दिसणार होता.

समन्स घेऊन हवालदार दारात आला, तेव्हा नव्वद साल उजाडलं होतं. वहिनींनी सही केली आणि माझ्याकडे वर आल्या. "साक्ष म्हणजे नक्की काय करायचं असतं गं?" आमच्यापैकी कोणीच कधी कोर्टाची पायरी चढलेलं नव्हतं. मी म्हटलं, "विचारतील तेवढं सांगायचं, आणखी काय!"

तसं नव्हतं ते. सेक्टर सतराच्या कोर्टात जायचं, बाकावर बसायचं, दुपारी कळायचं की आज वकिलांचा संप आहे. पुढच्या तारखेला आरोपीला आणणारी गाडीच यायची नाही. एकदा शहर बंद. दर वेळी शाळेत रजा मागायची, डबा भरून न्यायचा, नाव पुकारतील म्हणून पाणी प्यायलासुद्धा उठायचं नाही. समोरच्या बाकावर सूदजींची बायको कमलेश बसलेली असायची. दोघी एका डब्यातलं खायच्या. कमलेश म्हणायची, "बहनजी, बस आप हो. और कोई नहीं बोलेगा." मार्केटातल्या बाकीच्या सगळ्यांनी आपण काहीच पाहिलं नाही असं लिहून दिलं होतं.

मग एका दुपारी घरचा फोन वाजला. पलीकडचा माणूस अगदी अदबीने बोलला. "मैडम, बिटिया स्कूल अकेली जाती है?" एवढंच. वहिनींनी रिसीव्हर ठेवला आणि लगेच यजमानांच्या ऑफिसात फोन लावला. श्रीपादभावजींनी पोलिसांत कळवलं, तेव्हा जिन्याखाली एक बंदूकधारी शिपाई बसू लागला. वंदनाला त्यांनी चिपळूणला आजोळी पाठवलं.

"आठवत नाही म्हण," भावजी वहिनींना सांगायचे. "धुकं होतं, चेहरा झाकलेला होता. खोटंही नाही त्यात."

"चेहरा आठवत नाहीच. डोळे आठवतात," वहिनी म्हणायच्या. "आणि कमलेशच्या डब्यातलं खाल्लंय मी. तोच समोर उभा असला तर मी तोच आहे असं सांगणार. पुढचं पुढे."

हे त्या माझ्यासमोर बोलल्या होत्या.

शेवटी ती तारीख आली. भावजी आणि मी दोघंही गेलो होतो. वहिनींनी पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेतली. सरकारी वकिलांनी दुकान, धुकं, गोळ्या सगळं क्रमाने विचारलं, न्यायाधीश ते इंग्रजीत टंकलेखकाला सांगत गेले. मग वकील म्हणाले, "वह आदमी आज अदालत में है?"

वहिनींनी वळून पाहिलं. आरोपी दोन शिपायांच्या मध्ये उभा होता. उंची तशीच, अंगकाठी तशीच. त्या इतका वेळ बघत राहिल्या की न्यायाधीशांनी लिखाणातून मान वर केली.

"मी जरा जवळ जाऊ का?" त्यांनी हिंदीत विचारलं. परवानगी मिळाली. त्या पिंजऱ्यातून उतरल्या, चार पावलं पुढे गेल्या. त्याने मान वर केली. डोळे काळेभोर होते.

"नहीं. यह वह नहीं है."

कोर्टात कुजबुज झाली. वकिलांनी वहिनींचा पोलिसांकडचा जबाब काढला. त्यात लिहिलं होतं, मारेकऱ्याचा चेहरा उघडा होता आणि मी त्याला ओळखू शकते. घाऱ्या डोळ्यांचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता. वहिनी म्हणाल्या, मी असं बोललेच नाही. मग वकील न्यायाधीशांना म्हणाले, साक्षीदार होस्टाइल, म्हणजे फितूर, झाली आहे, मला हिची उलटतपासणी घेऊ द्या. आणि पहिलाच प्रश्न आला: "आपके घर धमकी का फोन आया था?"

"हां जी."

"बेटी को आपने चंडीगढ़ से बाहर भेज दिया?"

"हां जी."

"आप डरी हुई हैं?"

"हां जी," वहिनी म्हणाल्या. "पर यह वह नहीं है."

टंकलेखन यंत्र खटखटत राहिलं. मी कमलेशकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. बाहेर आल्यावर ती आमच्या शेजारून निघून गेली. ओढणी आमच्या हाताला घासून गेली, पण ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी साक्षीदार फितूर झाल्याच्या दोन ओळी पेपरात आल्या. जिन्याखालचा शिपाई गेला. शाळेतल्या बायका फार मायेने वागू लागल्या, आणि वहिनींना तीच माया सहन होईना. "मुलगी आहे पदरात, कोणीही हेच केलं असतं," असं जो तो म्हणायचा. भावजीसुद्धा एकदा म्हणाले, "बरं केलंस." त्या दिवशी वहिनी त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मला म्हणाल्या, "फितूर म्हणजे शत्रूला मिळालेला. मी कोणाला मिळाले गं? भिऊन खोटं बोलले असते तरी हेच वाक्य बोलले असते, आणि खरं बोलले तरी हेच. ऐकणाऱ्याने कसं ओळखायचं?"



पुढच्या वर्षी तो माणूस सुटला. निकालपत्रात वहिनींच्या नावापुढे तो शब्द कायम राहिला. खरा मारेकरी कोण, हे कधीच कळलं नाही.

दुकान आता कमलेश चालवायची. वहिनींनी दुकान बदललं नाही. त्या जायच्या, कमलेश सामान तोलून द्यायची, एक शब्द नाही. असे कित्येक महिने गेले. मग एका हिवाळ्यात, दुकानात दुसरं कोणी नसताना, कमलेशने काट्यावरचा हात तसाच ठेवून विचारलं, "बहनजी, सच बताना. डर के मारे कहा था?"

"डर तो बहुत था," वहिनी म्हणाल्या. "तोच असता तर मी काय केलं असतं, ते आता मला कोणी सिद्ध करून देणार नाही. पण कमलेश, त्याचे डोळे काळे होते. मारणाऱ्याचे घारे होते. मी तुझ्या नवऱ्याच्या समोर उभी होते."

त्यांनी हे आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं. कमलेशने काट्यावरचा हात उचलला. मग हळूच म्हणाली, "तो फिर वो अभी बाहर है."

"हां."

हा विचार वहिनींना आधी सुचला नव्हता असं नाही. पण तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्या तिथल्याच पोत्यावर बसल्या. कमलेशने बाहेरच्या धुक्याकडे पाहिलं. "शाम को अकेले बैठने में जी घबराता है," ती म्हणाली. "थोड़ी देर बैठोगी?"

त्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत वहिनी तिथे बसल्या. मग थंडीचे दिवस आले की रोजच बसू लागल्या. शाळेच्या वह्या तिथेच तपासायच्या. वंदना परत आली, तीही गल्ल्याशेजारी अभ्यास करायची. त्र्याण्णवला भावजींची नाशिकला बदली झाली, तोवर हे चाललं. कमलेशने वहिनींवर विश्वास ठेवला की नाही, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, आणि वहिनींनीही पुन्हा विचारलं नाही.