चौदा नंबरच्या चेंबरमधल्या दोन विटा

मुकादमांच्या बोटांना ठसे नव्हते. पासपोर्टच्या कार्यालयात ते तीनदा जाऊन आले आणि तिन्ही वेळा यंत्राने त्यांची बोटं नाकारली. एकतीस वर्षं सिमेंट, चुना आणि गटाराच्या पाण्यात काढल्यावर टोकांवरच्या रेषा घासून सपाट झाल्या होत्या. तिसऱ्या वेळी खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "काका, काम काय करता?"

"शहराचं पोट साफ करतो," मुकादम म्हणाले.

बाई हसल्या. हाताला काहीतरी स्निग्ध लावा आणि आठ दिवसांनी या म्हणाल्या. आठ दिवस मुकादम रोज संध्याकाळी बोटांना साय चोळत बसायचे आणि त्यांची बायको, आमच्या काकू, शेजारणींना सांगायच्या, "नवरदेवाला हळद लागायचीच बाकी आहे." चौथ्या खेपेला ठसे उमटले. पासपोर्ट आला. तो अजून कोरा आहे, आणि तो माझ्यामुळे कोरा राहिला.

मी महापालिकेच्या मलनिस्सारण विभागात कनिष्ठ अभियंता आहे. मुकादम आमच्या अकरा जणांच्या टोळीचे प्रमुख होते. चेंबरच्या झाकणावर पहार आपटून ते आवाज ऐकत आणि आत किती पाणी आहे ते सांगत. कधी म्हणत, "रिकामं आहे. उगाच उघडू नका, झुरळं चिडतील." माणूस आत उतरायचा असेल तर पुढचं-मागचं झाकण उघडून अर्धा तास थांबल्याशिवाय ते कुणाला पायरीवर पाय ठेवू देत नसत, मग वरून साहेब कितीही ओरडोत. त्यांच्या टोळीतला एकही माणूस कधी दगावला नाही. एकतीस वर्षांत त्यांना एकही मेमो नव्हता. या दोन गोष्टी ते एकाच दमात सांगत.

मी नोकरीला लागले त्या दिवशी नवे पांढरे बूट घालून आले होते. मुकादम बुटांकडे बघून म्हणाले, "पोरी, हे आवडते असतील तर गाडीत ठेव." चारचौघांत ते मला मॅडम म्हणत. आम्ही दोघंच असलो की पोरी.

दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका शहराशी आमच्या महापालिकेचा करार झाला. तेही आमच्यासारखंच नदीकाठचं. महिन्याचा पाऊस एका दुपारी पडायला लागल्यावर तेही एकदा गळ्यापर्यंत बुडालं होतं आणि त्यातून शिकलं होतं. त्यांनी आम्हाला पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर द्यायचे, पुराचा अंदाज बांधायला शिकवायचं, असं ठरलं. आम्ही त्यांना काय द्यायचं, याबद्दलही करारात एक परिच्छेद होता. तो आमच्याकडे कुणी वाचला नव्हता. सगळ्या गटारांचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल बनवायचं काम माझ्याकडे आलं. मी सात महिने जुने नकाशे भरत बसले. स्क्रीनवर निळं पाणी पाइपांतून वाहायला लागलं, तेव्हा मला वाटलं, हे शहर आता मला पाठ झालं.

त्यांच्याकडच्या पाहुण्या बाई यायच्या तीन दिवस आधी मुकादमांबरोबर मी चौदा नंबरचं चेंबर उघडलं. वरच्या वस्तीचं सगळं घाण पाणी तिथे येतं. तिथून दोन पाइप निघतात. डावा पंपिंग स्टेशनला जातो. उजवा जुना आहे. तो खालच्या गल्लीखालून थेट नदीला जातो आणि नदीच्या तोंडाशी त्याला लोखंडी झडप आहे. नदी चढली की झडप आपोआप बंद होते. नकाशाप्रमाणे रोजचं पाणी डावीकडे जायला हवं आणि फक्त जोराच्या पावसाचं उजवीकडे. पण उजव्या पाइपच्या तोंडाशी मला दोन विटांचा उंबरठा दिसला, वरून सिमेंटचा हात फिरवलेला. नकाशात तो नव्हता. माझ्या मॉडेलमध्येही नव्हता.

"हे कुणी केलं?"

"मी. सहा वर्षं झाली."

"कुणाच्या परवानगीने?"

"तेव्हाचे साहेब म्हणाले, कर आणि बोलू नको." ते उकिडवे बसले. "पाणी आळशी असतं, पोरी. सोपी वाट बघतं. कागदावर डावीकडे उतार आहे, पण जमीन खचलीय. डावा पाइप आता वर राहिलाय. विटा नसतील तर सगळं उजवीकडे पळेल."

"खचली असती तर कुठेतरी नोंद असती."

"मग मापून बघ ना. तुझं ते तीन पायांचं यंत्र गाडीतच आहे."

यंत्र खरंच गाडीत होतं. मापायला फार तर अर्धा तास लागला असता. पण पाहुण्यांचा कार्यक्रम छापायचा बाकी होता, आणि खरं सांगायचं तर सात महिने बसून केलेल्या कामाला पहारवाल्या माणसाने आव्हान दिलेलं मला आवडलं नव्हतं. पाहुण्यांचा कॅमेरा त्या पाइपमध्ये फिरणार होता आणि त्यात माझ्या मॉडेलमध्ये नसलेलं काहीतरी दिसणार होतं. दुसऱ्या दिवशी मी मुकादमांना शहराच्या दुसऱ्या टोकाला झाकणं मोजायला पाठवलं आणि ठेकेदाराच्या माणसांकडून विटा फोडून घेतल्या. त्यांना दूर पाठवायचं काहीच कारण नव्हतं. ते समोर नसावेत, एवढंच.

पाहुण्या आल्या. पिकल्या केसांच्या, गुडघे दुखत असताना प्रत्येक चेंबरपाशी वाकणाऱ्या इंजिनिअर बाई. त्यांची भाषा फक्त मला येत होती, म्हणून दुभाषी मीच. मुकादमांनी पहार आपटून आवाजावरून पाणी सांगितलं आणि बाईंनी सेन्सर लावून तपासलं. चार बोटांचा फरक आला. बाईंनी दुसऱ्या चेंबरवर पुन्हा करायला लावलं. तिसऱ्यावर त्या स्वतः पहार मारायला लागल्या. मुकादम म्हणाले, "बाई, झाकण आहे, नारळ नाही. हळू." हे मी भाषांतर करून सांगितलं आणि बाई खूप हसल्या.

मग आम्ही चौदा नंबरपाशी आलो. झाकण उघडल्यावर मुकादमांनी आत बघितलं. नंतर माझ्याकडे न बघता थेट बाईंना सांगायला लागले. इथे दोन विटा होत्या, त्या का होत्या, जमीन कुठून कशी खचली, नदी चढली की खालच्या गल्लीत काय होईल, सगळं हातवारे करून. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणतात?"

मी म्हणाले, "हे चेंबर नुकतंच साफ केलंय, असं म्हणतात."

बाईंनी मान डोलावली आणि मुकादमांकडे बघून शाबासकीचा अंगठा दाखवला. मुकादमांनी तो अंगठा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. झाकण त्यांनी स्वतः लावलं.

परत गेल्यावर बाईंचं पत्र आलं. आवाजावरून गटार ओळखणारा माणूस दोन आठवड्यांसाठी आमच्याकडे पाठवा, आमच्या तरुण कामगारांना शिकू दे, करारात तशी सोय आहे. कुणी न वाचलेला परिच्छेद तो हाच. मोठे साहेब चकित झाले, पण त्यांनी होकार दिला. मुकादमांच्या निवृत्तीला चार महिने होते. टोळीतले लोक त्यांना म्हणायला लागले, "मुकादम, तिकडच्या गटारात साहेबलोकांची घाण असते, नमस्कार करून उतरा." काकूंनी लोकर आणून स्वेटर घातला विणायला. साय चोळण्याचे आठ दिवस ते हेच. जाण्याची तारीखही ठरली.

इकडे सेन्सर काम करायला लागला होता. चौदा नंबरच्या डाव्या पाइपमधली पातळी एकदम उतरलेली दिसत होती. मी तो आलेख अहवालात लावला आणि खाली लिहिलं, सफाईमुळे प्रवाह सुधारला. प्रत्यक्षात वरच्या वस्तीची सगळी घाण बावीस दिवस उजवीकडून नदीत जात होती. मुकादमांनी एकदा विचारलंही, "मॅडम, यंत्र काय म्हणतंय?" आम्ही दोघंच होतो, तरी मॅडम. मी म्हणाले, "छान चाललंय."

तेविसाव्या दिवशी नदीच्या वरच्या अंगाला खूप पाऊस झाला. आमच्याकडे नुसती रिमझिम होती. नदी चढली, झडप बंद झाली, आणि उजव्या पाइपमधल्या घाणीला जायला वाटच उरली नाही. खालच्या गल्लीत त्रेचाळीस घरांच्या संडासांतून ती वर आली. सकाळी अकराला. मी पोचले तेव्हा एका घरात नऊ दिवसांची बाळंतीण बाळाला घेऊन टेबलावर बसली होती. तिची सासू मगाने खोलीतलं पाणी बाहेर ओतत होती आणि बाहेरचं तेवढंच पाणी आत येत होतं. मला बघून म्हणाली, "तुम्ही ऑफिसच्या का? या ना आत. चपला काढू नका."

मुकादम तोवर चौदा नंबरमध्ये होते. वाळूची पोती उजव्या पाइपच्या तोंडाशी रचत होते. दुपारी दोनपर्यंत गल्लीतलं पाणी ओसरायला लागलं. ते वर आले, तोंड धुतलं आणि माझ्या बाजूने गल्लीकडे निघून गेले.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी अहवाल मागितला. मी लिहिलं: चौदा नंबरच्या चेंबरमध्ये क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी लेखी परवानगीशिवाय बांधकाम केलेलं आढळलं. त्याची नोंद कार्यालयात नव्हती. त्यामुळे प्रवाहाचं आकलन चुकलं. सदर बांधकाम काढण्यात आलं आहे. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. कुणी काढलं, कधी काढलं आणि कुणी सावध केलं होतं, एवढंच त्यात नव्हतं. ते लिहायला मला वीस मिनिटं लागली. यंत्राने मापायला लागला असता, त्या अर्ध्या तासाहूनही कमी.

मुकादमांना मेमो मिळाला. एकतीस वर्षांतला पहिला. चौकशी चालू असलेल्या माणसाला परदेशी पाठवता येत नाही, म्हणून त्यांच्या जागी माझं नाव गेलं. मी नको म्हणाले नाही. साहेबांना म्हणाले, "बरं."

तिकडे विमानतळावर बाई स्वतः आल्या होत्या. माझ्या मागे कुणी येतंय का, ते बघत राहिल्या. "ते कुठे आहेत?" मी सांगितलं, त्यांची तब्येत बरी नाही. त्यांच्या कामगारांनी मुकादमांसाठी रबरी बूट आणून ठेवले होते. माप मीच कळवलेलं, मेमोच्या आधी. बुटांच्या आत त्यांनी शाईने पहारीचं चित्र काढलं होतं. निघताना ते माझ्याकडे देऊन बाई म्हणाल्या, "बरे झाले की द्या."

मी परतले तोवर मुकादम निवृत्त होऊन नऊ दिवस झाले होते. मी बूट घेऊन त्यांच्या घरी गेले. खालच्या गल्लीच्या पलीकडे दोन खोल्या, दारातच धुण्याचा दगड. काकूंनी पाणी दिलं आणि आतल्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या, ऐकू येईल अशा.

मी सांगितलं. पाहुण्या बाईंना मी काय म्हणाले ते, अहवालाचं, सगळं. बोलताना मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, बुटांकडे बघून बोलले.

"मला ठाऊक आहे," मुकादम म्हणाले. "मी एवढं लांबलचक बोललो, तुमचं एका वाक्यात आटपलं. वर बाईंनी अंगठा दाखवला. पूर येणार म्हणून सांगितल्यावर कुणी अंगठा दाखवतं का?"

"मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो." त्यांनी बूट उचलून कोपऱ्यात ठेवले. "तुम्ही चांगल्या होतात, म्हणून थांबलो."

आतून काकूंचा आवाज आला. "मी म्हटलं होतं, थांबू नका म्हणून. यांना वाटतं, सगळीच झाकणं आवाजावरून कळतात."

मी म्हणाले, तिथे अजून तुमची वाळूची पोतीच आहेत, त्या विटा पुन्हा बसवायच्या आहेत. नकाशावर घ्यायच्या आहेत, म्हणजे पुढे कुणी फोडणार नाही. तुम्ही उंची दाखवायला याल का? त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाले, "त्या बाळंतिणीसाठी येतो."

दुसऱ्या दिवशी मी आधी जाऊन यंत्र मांडलं. डावा पाइप उजव्यापेक्षा अकरा सेंटिमीटर वर होता. मुकादम आले आणि चेंबरच्या तोंडाशी उकिडवे बसले. माझा हिशेब अडीच विटांचा होता. मी तो दाखवला.

"दोनच."

"अडीच जास्त सुरक्षित आहे."

"खालच्या गल्लीला. मुसळधार पावसात डावा पाइप पुरा पडत नाही, मग पाणी तुंबून मागे सरकतं. वर शाळा आहे. तिथली संडासं भरतील. वर्षभर बघून दोनवर आलो मी. आधी तीन लावल्या होत्या, शाळेच्या बाईंनी शिव्या घातल्या."

गवंड्याने दोन विटा बसवल्या. मी मापाचा कागद भरला आणि उंची ठरवणाऱ्याच्या रकान्यात सही करायला मुकादमांपुढे धरला. मला वाटत होतं, निदान इथे तरी त्यांचं नाव लागावं. त्यांनी कागद पूर्ण वाचला, घडी न घालता परत दिला.

"तुम्हीच करा. माझ्या नावावर मेमो येऊन गेला, तुमच्या यायचाय."

मी सही केली. त्याच दिवशी साहेबांना पत्र दिलं. विटा माझ्या आदेशाने काढल्या, मुकादमांनी मला सावध केलं होतं, आधीचा अहवाल दिशाभूल करणारा आहे. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "हे द्यायलाच हवं का? तो माणूस तर गेला निवृत्त होऊन." मी म्हणाले, द्यायलाच हवं. तेच मी पाहुण्या बाईंनाही कळवलं, तब्येतीचं खोटं होतं तेही. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. दुसरी ओळ होती, "ते आता येऊ शकतील का?" मी विचारून आले. करार फक्त सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे.

मला मेमो मिळाला. त्याचं उत्तर मी दिलं आहे, त्यातलं पहिलं वाक्य आहे, विटा मी फोडायला लावल्या. मुकादमांचा मेमो मागे घ्यावा, असा अर्जही केला. फाइल विभागाने कळवलं, सदर कर्मचारी आता सेवेत नसल्याने त्यांचं प्रकरण आहे त्या स्थितीत बंद करण्यात आलं आहे. आहे त्या स्थितीत म्हणजे मेमोसकट.

हे सांगायला मला त्यांच्या घरी जायचं आहे. चार दिवस झाले, मी खालच्या गल्लीपर्यंत जाते आणि परत येते.